गोव्यातील परसबागेत फुलझुडपे आणि बहुवर्षायू फुलझाडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरी, सांगे यांसारख्या घाटाच्या पायथ्याच्या तालुक्यांत त्याहूनही अधिक पडतो, आणि त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत कोसळतो. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. येथील बागेविषयीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतात. त्यामुळे फूल निवडण्याआधी आपल्या परसात पाणी कोठून येते, कोठे साचते आणि कोठून निघून जाते हे एखाद्या जुलैच्या दुपारी छत्री घेऊन पाहावे, असा आमचा पहिला सल्ला असतो.

झाडे लावण्यासाठी योग्य काळ कोणता?

बहुतेक झुडपांसाठी पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यानंतरचा, म्हणजे साधारणतः जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून महिनाअखेरपर्यंतचा काळ उत्तम. जमीन आत ओलावलेली असते, हवा दमट असते आणि रोपाला नवी मुळे फोडण्यास उसंत मिळते. जुलैच्या संततधारेत मात्र नवे रोप लावण्याचे टाळावे. दुसरी संधी सप्टेंबरच्या अखेरीस, पाऊस ओसरताना येते. गुलाब, शेवंती आणि एकूणच ओली पाने ज्यांना सोसत नाहीत अशा झाडांसाठी हीच वेळ अधिक चांगली, फक्त पुढचा उन्हाळा आपल्याला पाणी घालून काढायचा आहे याची जाणीव ठेवावी. खड्डे मात्र एप्रिल-मे महिन्यांतच खणून उन्हात तापू द्यावेत.

आमच्या घराच्या आवारात हातभर मातीखाली जांभा दगड लागतो. तेथे झुडपे वाढतील का?

वाढतील, पण खड्ड्यातून पाणी बाहेर जाण्याची वाट करून दिली तरच. पर्वरीच्या पठारावर राहायला गेल्यावर पहिल्याच वर्षी मी कुंपणाच्या कडेने मोगऱ्याची सहा रोपे लावली होती. जांभ्यात पहारीने फोडून दीड-दीड फुटांचे नीटस खड्डे केले, त्यांत शेणखत आणि चांगली माती भरली आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो. ऑगस्टच्या मध्यावर रोपांची पाने पिवळी पडून गळू लागली, तेव्हा पाणी कमी पडते म्हणावे तर बाहेर धो धो पाऊस. शेवटी एक रोप उपटून पाहिले, तर मुळे काळी पडून बुळबुळीत झालेली, सालपट बोटाला चिकटून येत होते आणि खड्ड्यातून नासक्या अंड्यासारखी दुर्गंधी येत होती. दगडात कोरलेला खड्डा म्हणजे चिऱ्याचे भांडेच होते आणि पावसाने ते काठोकाठ भरले होते.

तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला एक चाचणी करायला सांगतो. एक फूट खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. पाणी उतरले असेल तर लागवड करावी. तसेच उभे असेल तर तो खड्डा सोडून द्यावा किंवा उताराच्या बाजूने त्याची भिंत फोडून चर काढावा. तेही शक्य नसेल तर चिऱ्यांचा एक-दोन थरांचा कठडा बांधून जमिनीच्या वर दीड फूट मातीचा चौथरा करावा. जुन्या घरांच्या तुळशीवृंदावनाभोवती अशा बांधलेल्या आळ्यांत अबोली, मोगरा वर्षानुवर्षे सुखाने राहिलेला दिसतो, त्यामागचे कारण हेच. खड्ड्याच्या तळाशी नारळाची सोडणे घालण्याची कोकणातली पद्धत उन्हाळ्यात ओल धरून ठेवण्यासाठी चांगली आहे. पाण्याचा निचरा मात्र तिने होत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

येथील माती आम्लधर्मी असते असे ऐकतो. चुना घालावा का?

माती तपासल्याशिवाय घालू नये. जांभी माती साधारणपणे आम्लधर्मी असते, कारण शतकानुशतकांच्या पावसाने तिच्यातले चुन्यासारखे घटक धुऊन नेलेले असतात आणि लोह व अॅल्युमिनियम मागे उरलेले असतात. तिचा तांबडा रंग त्या लोहाचाच. एक्झोरा (आपल्याकडची पिटकोळी), अनंत यांसारख्या झुडपांना अशी माती मनापासून आवडते. मोगरा, जाई आणि गुलाब यांना मात्र सामू (मातीची आम्लता दाखवणारा आकडा, pH) ६ ते ७ च्या दरम्यान बरा वाटतो. सामू ५.५ च्या खाली असल्यास या झाडांच्या आळ्यात डोलोमाइट (चुनखडीसारख्या दगडाची भुकटी) किंवा थोडी लाकडाची राख पावसाळ्यापूर्वी मिसळता येते. कृषी संचालनालयामार्फत, तसेच कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने मातीची तपासणी करून घेता येते. नमुना घेताना वरचा पालापाचोळा बाजूला सारून वीतभर खोलीची माती चार-पाच ठिकाणांहून घ्यावी व एकत्र करावी.

आम्ही पहिल्यांदाच बाग करीत आहोत. सुरुवात कोणत्या झाडांनी करावी?

शेजाऱ्याच्या परसात दुर्लक्ष होऊनही जी फुलतात, त्यांनी. एकेरी तांबडी जास्वंद, तगर, लाल एक्झोरा, कोरांटी, सदाफुली, गुलबक्षी, कर्दळ आणि अबोली ही झाडे येथील पाऊस आणि ऊन दोन्ही निमूट सोसतात. रोपवाटिकेत पावसाळ्याच्या तोंडावर फुलांनी लगडलेल्या, तळहाताएवढ्या फुलांच्या संकरित जास्वंदी पाहून मोह होतो, आणि तो आम्हालाही होतो. परंतु त्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी राखून ठेवाव्यात. रोप घेताना फुलांपेक्षा पिशवीचा तळ पाहावा. मुळांचे वेटोळे बाहेर येऊन घट्ट झाले असतील तर ते रोप बराच काळ पिशवीत अडकलेले आहे असे समजावे.

दोन झुडपांमध्ये किमान ३ ते ४ फूट अंतर सोडावे. पहिल्या वर्षी बाग ओकीबोकी दिसते हे खरे, पण दाट लावलेल्या झुडपांत पावसाळ्यात वारा खेळत नाही आणि सगळा बुरशीचा रोग तेथूनच सुरू होतो.

जाई, जुई, मोगरा आणि कुंद यांत गल्लत होते. ओळखावे कसे?

पानांवरून. जाईचे पान संयुक्त असते, एका देठावर बहुधा सात पर्णिका असतात, आणि तिच्या कळीच्या बाहेरच्या अंगाला गुलाबी-जांभळी झाक असते. जुईचे पान बहुधा एकटेच असते, मात्र त्याच्या देठाशी कानाच्या पाळीसारख्या दोन चिमुकल्या पर्णिका अनेकदा दिसतात. फूल बारीक व शुभ्र असते. मोगऱ्याचे पान एकटे, गोलसर आणि तुकतुकीत. कुंदाचे पानही एकटेच, पण त्यावर आणि कोवळ्या फांद्यांवर लव असते आणि तो थंडीत फुलतो.

जाई ही गोव्यात पावसाळ्याची राणी. म्हार्दोळच्या म्हाळसा देवस्थानात पावसाळ्यात होणारी जायांची पूजा सर्वांना ठाऊक आहे. केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात गुंफलेली जायांची फाती बाजारात दिसू लागली की श्रावण आला हे कॅलेंडर न पाहता कळते. या वेलीला पूर्ण ऊन, चढण्यास भक्कम मांडव आणि पायाशी अजिबात पाणी न साचणे या तीनच गोष्टी लागतात. कळ्या संध्याकाळी, उमलण्यापूर्वी काढाव्यात.

मोगरा हिरवागार आहे, पाने भरपूर येतात, परंतु फुले येत नाहीत. काय चुकते आहे?

बहुधा तीनपैकी एक गोष्ट चुकते आहे. पहिली म्हणजे सावली. मोगऱ्याला दिवसाचे किमान पाच-सहा तास थेट ऊन हवे आणि आपण जेव्हा आंब्याखाली त्याला जागा देतो तेव्हा तो पानांवरच समाधान मानतो. दुसरी म्हणजे नत्राचा मारा. सतत शेणपाणी किंवा युरिया मिळालेले झाड फांद्या लांबवत राहते. तिसरी आणि सर्वांत सार्वत्रिक म्हणजे छाटणी न करणे. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, त्यामुळे कात्री लावण्यास जीव होत नसेल तर फुलांची अपेक्षाही ठेवू नये.

आमची पद्धत अशी आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस झाडाचे पाणी आठ-दहा दिवस तोडावे, नंतर सगळ्या फांद्या जमिनीपासून साधारण दीड फुटावर छाटाव्यात, वाळक्या व आडव्यातिडव्या काढून टाकाव्यात आणि उरलेली पानेही खुडून टाकावीत. मग आळे उकरून शेणखत व मूठभर हाडांचा चुरा घालून पुन्हा नियमित पाणी सुरू करावे. काही दिवस झाड अगदी केविलवाणे दिसते आणि घरातील ज्येष्ठ मंडळी त्याबद्दल बोलूनही दाखवतात. मार्च ते मे या काळात तेच झाड त्यांना उत्तर देते.

अबोलीची रोपे दोन-तीन वर्षांत अचानक मरतात. उपाय काय?

मुळांवर सूत्रकृमींचा (मातीतल्या अतिसूक्ष्म जंतांचा) प्रादुर्भाव हे अबोलीच्या मरीचे एक मोठे कारण आहे. झाड आधी खुजे राहते, पाने फिकट होतात आणि मग एके दिवशी ते मान टाकते. मेलेल्या झाडाच्या जागी लगेच नवी अबोली लावण्याची चूक करू नये. त्या जागेत एक हंगाम झेंडू लावावा, कारण झेंडूच्या मुळांमुळे सूत्रकृमींची संख्या घटते, आणि नंतर कडुनिंबाची पेंड मिसळून अबोली परत आणावी.

बिया धरायच्या असतील तर वाळलेल्या कणसांवर लक्ष ठेवावे. अबोलीची वाळलेली बोंडे पाणी लागताच फुटतात आणि बिया लांब उडतात. वळवाच्या पहिल्या सरीनंतर अंगणात कान देऊन बसल्यास तो बारीक टक्-टक् आवाज ऐकू येतो, आणि पुढे जूनअखेरीस पायऱ्यांच्या फटींतसुद्धा रोपे उगवलेली सापडतात. लाल-नारिंगी रंगाची, मोठ्या फुलांची जी ‘दिल्ली’ अबोली मिळते तिला मात्र बी धरत नाही. ती फाटे (फांदीचे तुकडे) लावूनच वाढवावी लागते.

जास्वंदीच्या कळ्या उमलण्यापूर्वीच गळतात.

आधी एक गळलेली कळी उभी चिरून पाहावी. आत बारीक अळ्या किंवा पिसवांसारखे फुलकिडे दिसले तर गळलेल्या सगळ्या कळ्या रोजच्या रोज गोळा करून नष्ट कराव्यात. त्या झाडाखाली राहिल्या की कीड तेथेच मातीत वाढून परत वर चढते. आत काहीच नसेल तर दोष पाण्याच्या अनियमिततेत आहे. चार दिवस कोरडे आणि पाचव्या दिवशी बादलीभर, असे झाले की जास्वंद सर्वप्रथम कळ्यांचा भार उतरवते. संततधार पावसात होणारी गळ मात्र स्वाभाविक समजावी, चवथीपर्यंत (गणेशचतुर्थीपर्यंत) झाड पुन्हा सावरते.

कुंपणाच्या भिंतीलगतच्या एक्झोराची पाने पिवळी पडली आहेत, शिरा तेवढ्या हिरव्या आहेत. खत घालूनही फरक नाही.

ही खताची उणीव नव्हे. सिमेंटच्या भिंतीतून आणि तिच्या पायाशी पुरलेल्या बांधकामाच्या मलब्यातून चुना पाझरतो, तेथील माती अल्कधर्मी होते आणि मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. त्याच घरामागच्या जांभ्यात उगवलेली पिटकोळी हिरवीगार असते, हाच त्याचा पुरावा. मलबा उकरून काढावा, पानांचे कुजलेले खत भरपूर द्यावे, आणि तात्पुरता उपाय म्हणून चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी करावी. पण झाड लहान असेल तर भिंतीपासून दोन-तीन फूट दूर हलवणे सर्वांत शहाणपणाचे. बंगला नुकताच बांधून झालेला असेल तर हा त्रास हमखास होतो.

बोगनवेल नुसतीच वाढते, रंग धरत नाही. असे का?

कारण तिचे फार लाड होत आहेत. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतली, आणि ज्याला आपण फूल म्हणतो ती तिची रंगीत पाने होत, खरे फूल म्हणजे त्यांच्या मधली बारीक पांढरट नळी. कोरड्या दिवसांची थोडी उपासमार झाली की ती रंग धरते. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर पावसाळी लांब फांद्या छाटाव्यात, नवी फूट वीतभर झाली की पाणी आखडते घ्यावे आणि पाने किंचित मलूल दिसू लागल्यावरच द्यावे. खत जवळजवळ नकोच. भर उन्हातली जागा मात्र अनिवार्य.

गोव्यात गुलाब आणि शेवंती होतात का?

होतात, परंतु त्यांच्याकडून घाटावरच्यासारखी अपेक्षा ठेवू नये. गुलाबाच्या पानांवर पावसाळ्यात काळे ठिपके पडून ती गळतात. ज्याला छपराखालची, वारा असलेली जागा देता येईल त्यानेच तो कुंडीत ठेवावा आणि ऑक्टोबरमध्ये छाटावा. देशी गुलाबी गुलाब तुलनेने काटक आहे.

शेवंतीचे गणित वेगळे. रात्री मोठ्या होऊ लागल्या की ती कळ्या धरते, त्यामुळे ती दिवाळीच्या सुमारास आणि त्यानंतर फुलते. एका वाचकाची शेवंती तीन वर्षे फुलत नव्हती. चौकशीअंती कळले की कुंड्या थेट रस्त्यावरच्या दिव्याखाली होत्या आणि झाडाला रात्र अशी मिळतच नव्हती. कुंड्या बाल्कांवच्या (घरापुढच्या ओसरीच्या) दुसऱ्या टोकाला नेल्यानंतर प्रश्न उरला नाही. फुले सरली की झाड जमिनीलगत छाटून बुंध्याशी येणारे फुटवे जपावेत आणि पावसाळाभर ते पागोळ्यांपासून दूर ठेवावेत.

घरामागे सावली आणि सतत ओल असते. तेथे काय फुलेल?

ही जागा वाया गेलेली समजू नये. आमच्या मते परसातली ती सर्वांत श्रीमंत जागा आहे. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, सुपारीच्या सावलीत जे जगते ते येथे जगेल. सोनटक्का हा त्यात पहिला. त्याचा गड्डा जूनमध्ये चार बोटे खोल लावला की पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून त्याची पांढरी सुगंधी फुले सुरू होतात. फुलून गेलेले दांडे बुंध्यापासून कापावेत म्हणजे नवे येत राहतात. कर्दळीला किंचित अधिक ऊन लागते. जुन्या घरांत न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर केळ, कर्दळ आणि सोनटक्का लावण्याची रीत होती आणि ती उत्तम होती, मात्र तेव्हा न्हाणीत शिकेकाई असे. आता वॉशिंग मशीनचे पाणी तेथे सोडणार असाल तर डिटर्जंटमधील क्षार मातीत साचतात हे लक्षात घ्यावे. अनंत सकाळच्या उन्हात आणि दुपारच्या सावलीत छान राहतो.

पारिजातक अंगणात कोठे लावावा?

जिथे सकाळी सडा पडलेला दिसेल आणि पावलाखाली तुडवला जाणार नाही, तिथे. पाणी साचणारी जागा त्याला अजिबात सोसत नाही. हे झाड दहा-पंधरा फूट सहज वाढते, म्हणून फुले सरल्यावर दरवर्षी छाटून झुडपासारखे राखता येते. गोव्याशी त्याचे नाते जुने आहे. येथे वास्तव्य केलेले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात रात्री फुलणाऱ्या या ‘दुःखी झाडा’ची दखल घेतली आहे, आणि शास्त्रीय नावातील ‘आर्बर-ट्रिस्टिस’ या शब्दांचा अर्थही तोच. सकाळी केशरी देठांचा सडा वेचणाऱ्या मुलांना मात्र हे नाव पटणार नाही.

घर समुद्रापासून जवळ आहे. खाऱ्या वाऱ्यात काय टिकते?

बोगनवेल, कण्हेर, चाफा आणि सदाफुली. यांची एक रांग वाऱ्याच्या बाजूला लावून तिच्या आडोशाला जास्वंद, एक्झोरा यांना जागा द्यावी. किनाऱ्यालगतच्या आणि खाजणाजवळच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीजवळच्या) विहिरींचे पाणी एप्रिल-मेमध्ये खारट होऊ लागते. पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी होऊ लागल्या की ते ओळखावे आणि त्या दिवसांत शक्य तेथे दुसरे पाणी वापरावे. पहिला जोरदार पाऊस मातीतले मीठ धुऊन नेतो, हे येथल्या पावसाचे एक मोठे उपकार.

खत केव्हा आणि किती द्यावे?

थोडे थोडे आणि अनेकदा. जुलैमध्ये एकदम घातलेले खत झाडाला नव्हे, गटाराला मिळते. पावसाळ्याच्या सुरुवातीला एका वाढलेल्या झुडपास दोन-तीन घमेली चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत द्यावे, नंतर थेट सप्टेंबरअखेरीस दुसरा हप्ता, आणि छाटणीनंतर तिसरा. निंबोळी पेंड मूठ-दीड मूठ त्यात मिसळावी. ओले, न कुजलेले शेण घातल्यास मुळे भाजतात आणि मुळे खाणाऱ्या हुमणी अळीलाही आमंत्रण मिळते.

मासळी धुतलेले पाणी घालावे का, हा प्रश्न गोव्यातच विचारला जातो. घालावे, पण मीठ लावलेल्या मासळीचे नको. सुंगटांच्या (कोळंबीच्या) साली आळ्यात पुरायच्या तर हातभर खोल पुराव्यात, नाहीतर रात्री मांजरे रोपासकट सारे उकरून ठेवतात. हा अनुभव एकदाच पुरेसा होतो.

उन्हाळ्यात किती पाणी लागते?

जमिनीत दोन वर्षे रुजलेल्या झुडपाला आठवड्यातून दोन वेळा, दर वेळी ८ ते १० लिटर, सावकाश मुरेल असे पाणी पुरते. रोज नळीने वरवर शिंपडल्याने मुळे वरच राहतात आणि मेच्या उन्हात तीच आधी तापतात. आळ्यात चार बोटे जाडीचा पातेरा (वाळका पालापाचोळा) पसरावा, परंतु तो खोडाला टेकू देऊ नये. अंगणातला पातेरा गोळा करून जाळण्याची आपली सवय बागेच्या दृष्टीने सर्वांत महागडी आहे. नव्या रोपांवर एप्रिलमध्ये नारळाच्या चुडतांचा आडोसा करावा.

पिठ्या ढेकूण, मावा आणि गोगलगायी यांचा बंदोबस्त कसा करावा?

जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की ते पिठ्या ढेकूण. थोडे असतील तर जुन्या टूथब्रशने पाण्यात पुसून काढावेत, फार झाल्यास तो शेंडाच कापून जाळावा. नंतर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व साबणाचे चार थेंब घोटून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावे आणि आठवड्याने पुन्हा करावे. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी तिचा विचार करावा. मुंग्या या किडींचा गोड स्राव चाटतात, किडींच्या शत्रूंना हाकलतात, आणि त्यामुळे मुंग्या थांबल्याविना ही कीड थांबत नाही.

मोठ्या आफ्रिकी गोगलगायी पावसाळ्यात रात्री निघतात. विजेरी घेऊन हातमोजे घालून त्या वेचणे व मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकणे हा कंटाळवाणा पण सर्वांत परिणामकारक उपाय आहे. मीठ थेट वाफ्यात टाकू नये.

तगरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी आहे आणि तिच्या डोक्यामागे निळे डोळे दिसतात. ती मारावी का?

शक्यतो मारू नये. ती कण्हेर आणि तगर यांवर वाढणाऱ्या एका देखण्या हिरव्या पतंगाची अळी आहे आणि ते डोळे खोटे आहेत, पक्ष्यांना घाबरवण्यासाठीचे. मोठी तगर दोन-चार अळ्यांनी मरत नाही, महिन्याभरात पुन्हा पालवते. रोप लहान असेल तर अळी उचलून मोठ्या झाडावर सोडावी.

घरच्या घरी नवी रोपे कशी करावीत?

जून-जुलैमध्ये पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे, पक्व फांदीचे फाटे घेऊन, खालचा काप डोळ्याच्या (पान फुटते त्या गाठीच्या) लगेच खाली देऊन, निम्मी लांबी मातीत राहील असे रोवावेत. जास्वंद, तगर, बोगनवेल, कोरांटी या रीतीने येतात. जाई, जुई, मोगरा यांची जमिनीलगतची फांदी वाकवून, सालीला छोटा छेद देऊन, मातीत पुरून वर जांभ्याचा चिरा ठेवावा. दोन-तीन महिन्यांत मुळे सुटतात आणि मग ती मूळ झाडापासून तोडावी. सोनचाफा मात्र कलमी विकत घ्यावा, बियांचा फुलण्यास अनेक वर्षे घेतो.

मुले आणि गुरे असलेल्या घरात कोणती झाडे टाळावीत?

कण्हेर आणि पिवळी कण्हेर (बिट्टी) यांचे सर्व भाग विषारी असून बिट्टीच्या बिया विशेष घातक आहेत. चवथीच्या माटोळीसाठी (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीसाठी) आणली जाणारी कळलावी दिसायला अप्रतिम, परंतु तिचा कंद अत्यंत विषारी. अलामांडा व चाफा यांच्या चिकाने त्वचा चुरचुरते. ही झाडे लावूच नयेत असे नाही. पण छाटलेल्या फांद्या गुरांपुढे पडणार नाहीत आणि मुले खेळतात तेथे ती नसतील एवढे पाहावे.

रानातली फुलझाडे बागेत आणता येतील का?

येतील, परंतु रानातून उपटून नव्हे. अभयारण्यातून काहीही आणणे बेकायदा आहे आणि मोठे रानझुडूप उपटले तर ते बहुधा मरतेही. बिया किंवा फाटे यांपासून वाढवलेली धायटी उन्हाळ्याच्या तोंडावर लाल फुलांनी भरते, तेव्हा शिंजीर पक्षी तिच्यावरून हलत नाहीत. पांढऱ्या पानांचा भूतकेस आणि रानपिटकोळी हीही अशीच बिनखर्चाची. घाणेरी मात्र फुलपाखरांना कितीही आवडो, पक्षी तिच्या बिया दूरवर नेतात आणि ती रान गिळते, म्हणून ती लावू नये.

फ्लॅटच्या बाल्कनीत हे सारे शक्य आहे का?

मोगरा, अबोली, एक्झोराच्या बुटक्या जाती, सदाफुली आणि शेवंती नक्की शक्य आहेत, फक्त कुंडी १२ इंचांपेक्षा लहान नसावी. मातीत तिसरा हिस्सा जांभ्याचे बारीक तुकडे मिसळावेत. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) फार घातल्यास जुलैमध्ये कुंडी आठवडाभर ओलीचिंब राहते. कुंडीखालच्या बशा जून लागताच काढून ठेवाव्यात, त्यांत मुळेही कुजतात आणि डासही होतात. खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर तांबडे पाणी ठिबकणार नाही, इतकी काळजी घेऊन मगच पाणी घालावे.